नळाचं पाणी अठ्ठावीस अंश

कपडे किती तापमानाला धुवावेत यावरचा बहुतेक सल्ला थंड मुलुखातून आलेला असतो. तिथे जानेवारीत नळाचं पाणी पाच-दहा अंशांचं, बोटं बधिर करणारं. म्हणून ‘निदान ३० वर तरी लावा’ हे त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. गोव्यात विहिरीचं पाणी बारा महिने २६-२७ अंशांच्या आसपास राहतं. ओप्याच्या नाहीतर साळावलीच्या जलप्रकल्पातून येणारं नळाचं पाणी ऋतूप्रमाणे त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तर एप्रिलच्या दुपारी तोंडावर मारवत नाही. म्हणजे आपली ‘गार’ धुलाई ही तिकडच्या ३० अंशांच्या धुलाईच्या जवळपासच असते. यंत्रावर ३० चं बटण दाबून हीटर चालवला तर इथे तो दोन-तीन अंशांपुरता चालतो आणि बंद पडतो.

तेव्हा आपल्याकडे निवड उरते ती तीनच पायऱ्यांची. नळाचं पाणी, चाळीस आणि साठ. घरातले बहुतेक कपडे पहिल्या पायरीवरच भागतात, थोडे दुसरीवर जातात, आणि मोजके तिसरीवर गेलेच पाहिजेत. गडबड होते ती अशी की मोजके कपडे तिसरीवर जात नाहीत आणि जे जायला नको ते हमखास जातात.

आधी लेबलाचं बघू. कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर पाण्याच्या टबाचं चिन्ह असतं. त्यात एक ठिपका म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०, चार म्हणजे ६०. काही ठिकाणी ठिपक्यांऐवजी सरळ आकडा. टबाखाली एक आडवी रेघ म्हणजे सौम्य फेरी, दोन रेघा म्हणजे अगदी हळुवार, टबात हात म्हणजे हातानेच आणि ४० च्या आत. १९६३ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या जिनेटेक्स या संस्थेने ही चिन्हपद्धत रुळवली. तिथला आकडा ही कमाल मर्यादा आहे. ६० लिहिलं म्हणजे कापड ६० सोसेल एवढंच, ६० वर धुवायलाच हवं असं ती पट्टी सांगत नाही. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी कितीतरी रंगीत कुर्ते वाचतात.

उष्णता धुलाईत तीन वेगवेगळी कामं करते, आणि ती तिन्ही एकाच आकड्यावर होत नाहीत.

पहिलं काम स्निग्ध पदार्थ पातळ करायचं. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं. गोव्यात ते डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे बाटलीत थिजलं तर थिजलं, एरवी पातळच; त्यामुळे खोबरेलाचा डाग काढायला पाणी तापवायची गरज नाही, साबण नीट लागला की तो सुटतो. तुपाला त्याहून जास्त ऊब लागते. अंगाचं तेल, म्हणजे कॉलरच्या आतली, काखेतली आणि उशीच्या अभ्र्यावरची पिवळट कड, शरीराच्या उबेला मऊ राहतं आणि त्याहून गार पाण्यात कापडाला चिकटून बसतं. त्याला ४० अंश मानवतात. सुती कापडातून ते तसं लवकर निघतं. पॉलिस्टरला मात्र तेलाचं विलक्षण आकर्षण. म्हणून खेळायचे टी-शर्ट धुऊन सुकले तरी अंगात घालून पाच मिनिटं झाली की जुना घाम पुन्हा बोलायला लागतो.

दुसरं काम रसायनांना चालना द्यायचं. हल्लीच्या पावडरी आणि लिक्विडांत एन्झाइम असतात. प्रोटीएज रक्त-अंडं-दूध तोडतं, अमायलेज भात-पेज-खळ, लायपेज तेलकटपणा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये धुलाईसाठी एन्झाइम वापरण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनची ही युक्ती. हे एन्झाइम साधारण ३० ते ५० च्या दरम्यान खुशीत काम करतात आणि त्याहून बरंच वर गेलं की निकामी होतात. कढत पाण्यात महागडी एन्झाइमवाली पावडर टाकणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं. ऑक्सिजन ब्लीचचं, म्हणजे सोडियम परकार्बोनेटचं, याच्या उलट आहे. नळाच्या पाण्यात ते आळसावतं आणि ५०-६० ला जोमाने काम करतं. काही पावडरींत टीएईडी नावाचा घटक घालतात, तो असला की हेच ब्लीच ४० लाही कामाला लागतं. लिक्विडात हे ब्लीच टिकत नाही म्हणून ते सहसा नसतंच. पांढरे टॉवेल वर्षभर लिक्विडात धुऊन करडे पडले तर दोष पाण्याच्या तापमानाला देऊन उपयोग नाही.

तिसरं काम जंतू आणि बुरशी मारायचं. इथे ४० अंश जवळजवळ निरुपयोगी आहेत. चाळीसच्या पाण्यातून जंतू कमी होतात ते वाहून जातात म्हणून, मरतात म्हणून नव्हे. खरा मारा साठच्या आसपास सुरू होतो, आणि त्यात वेळेचा हिशेब असतो. ब्रिटनमधल्या इस्पितळांच्या धुलाईचा नियम ६५ अंशांना १० मिनिटं किंवा ७१ अंशांना ३ मिनिटं असा आहे, आणि ही मोजणी सगळं पाणी त्या तापमानाला पोचल्यावर सुरू होते. यातून उकळण्याचा आग्रहही सैल व्हावा. घरचे कपडे खदखदा उकळायची सहसा गरज नसते, त्याने ते लवकर जीर्ण मात्र होतात.

हेन्केल या जर्मन साबण-पावडरीच्या कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचं एक वर्तुळ मांडलं. तापमान, वेळ, रसायन आणि यांत्रिक घासणी हे त्याचे चार भाग. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. धुलाईधंद्यात आजही हाच हिशेब चालतो आणि घरीही चालायला हरकत नाही. पाणी नळाचंच ठेवायचं असेल तर भिजत ठेवायचा वेळ वाढवा. पंधरा मिनिटांची ‘क्विक’ फेरी आणि गार पाणी आणि अर्धं झाकण लिक्विड, असं तिन्ही बाजूंनी कापलं की कपडे ओले करून वाळवल्यासारखं होतं.

साठची भीती वीजबिलाची असेल तर तीही हिशेबात मांडून बघावी. समोरून उघडणारं यंत्र एका धुण्याला साधारण पंधरा लिटर पाणी तापवतं असं धरलं, तर २८ वरून ४० ला न्यायला सुमारे ०.२१ युनिट आणि ६० ला न्यायला सुमारे ०.५६ युनिट लागतं. ड्रम आणि कपडे तापायला वर थोडं. दहा अंशांचं पाणी साठला न्यायला तेच काम ०.८७ युनिट खातं. इतकी सूट आपल्याला हवामानानेच दिलेली आहे. आठवड्यातून एक धुणं साठवर लावलं म्हणून कुणाचं दिवाळं निघत नाही. मात्र ‘इको’ हे बटण साठबरोबर दाबू नये. इको फेरी वेळ वाढवून तापमान हळूच खाली ठेवते. डाग निघायला ते चालतं, बुरशी मारायला चालत नाही.

वरून उघडणाऱ्या बऱ्याच यंत्रांना हीटरच नसतो. त्यांना गिझरची नळी जोडली तरी पाइपमधलं गार पाणी आधी येतं, मग ड्रम आणि कपडे उष्णता पितात, आणि गिझरवर साठ दिसत असलं तरी आत पन्नासही उरत नाही. पुढे धुलाईभर ते उतरतच जातं. अशा घरांत, आणि यंत्र नसलेल्या घरांत, साठ अंश मिळवायची जागा म्हणजे बादली.

त्याचं गणित सोपं आहे आणि ते फक्त २८ अंशांच्या पाण्याला इतकं सुरेख जमतं. पाच भाग नळाचं पाणी आणि एक भाग उकळतं पाणी म्हणजे बरोबर ४० अंश. पाच भाग नळाचं आणि चार भाग उकळतं म्हणजे बरोबर ६०. प्रत्यक्षात बादली आणि कपडे मिळून दोन-चार अंश गिळतात, ओले पिळलेले कपडे जास्तच, म्हणून साठसाठी निम्मं-निम्मं घ्यावं. ते ६४ वर सुरू होतं आणि कपडे पडल्यावर हवं तिथे येतं. आधी नळाचं पाणी घालायचं, मग उकळतं. उलट केलं तर स्वस्त प्लास्टिकची बादली मऊ पडून बुडाशी वाकते. कपडे काठीने पूर्ण बुडवायचे, वर तरंगणारा फुगा राहू द्यायचा नाही, झाकण नाहीतर परात ठेवायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. साठ अंशांचं पाणी कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. मुलं असलेल्या घरात ही बादली न्हाणीचं दार लावूनच ठेवावी. भाणातलं, म्हणजे न्हाणीच्या चुलीवरच्या हंड्यातलं, पाणी वापरणार असाल तर ते उकळत नसतं, हे विसरू नका. चुलीवरून काढलेल्या भाणातलं पाणी ७० असेल तर त्यात तितकंच गार घातलं की उरतात ४९. आणि सोडा घालून कपडे तापवायचेच असतील तर अल्युमिनियमचं पातेलं घेऊ नये. सोडा अल्युमिनियम खातो, पातेलं काळं पडतं आणि कपड्यांवर करडी झाक येते. स्टीलचं घ्यावं.

एन्झाइमवाली पावडर आणि साठची बादली या दोन्हींचा फायदा हवा असेल तर क्रम लावायचा. आधी ४० च्या पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवण, चोळून धुलाई, पिळणं, आणि त्यानंतर साठची बादली, हवं तर तिच्यात परकार्बोनेट मोठा चमचाभर.

आता आतले कपडे. यांच्याबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणजे रोज उकळायला हवेत, दुसरी म्हणजे आंघोळीच्या उरल्या पाण्यात साबणाची वडी फिरवून पिळले की झालं. सुती चड्डी, बनियन, परकर हे घरात सगळे धडधाकट असताना एन्झाइमवाल्या पावडरीत ४० वर, किंवा नळाच्या पाण्यात तासभर भिजवून, नीट चोळून धुतले आणि त्याच दिवशी खडखडीत सुकवले तर पुरे. ब्रिटनच्या एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, सल्ला याहून कडक आहे. आतले कपडे, टॉवेल आणि घरातली चादर-फडकी ६० वर, नाहीतर ४० वर ब्लीच असलेल्या पावडरीत. माझं मत असं की त्यांच्याकडे कपडे घरात रेडिएटरवर वाळतात, आपल्याकडे नोव्हेंबर ते मे ऊन फुकट आहे. तेवढे महिने आपण एक पायरी खाली राहिलो तरी चालेल. पावसाळ्यात मात्र त्यांचा सल्ला जसाच्या तसा घ्यावा.

काही वेळा साठला पर्याय नसतो. जांघेत नायटा झाला असेल, घरात जुलाब-उलट्यांचं आजारपण असेल, मूत्रमार्गाचा किंवा योनीमार्गातल्या बुरशीचा संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल तर. दमट किनाऱ्यावर नायट्याची बुरशी लवकर जात नाही, त्यातून हल्ली ती औषधांनाही दाद देईनाशी झाली आहे. मलम लावलेली त्वचा बरी होत येते आणि कपाटातली चड्डी तिला पुन्हा तोच प्रसाद देते. ३०-४० अंशांच्या धुलाईतून ही बुरशी जिवंत सुटते, शिवाय त्याच पाण्यातल्या दुसऱ्यांच्या कपड्यांवर बसते. म्हणून उपचार चालू असेपर्यंत त्या माणसाच्या चड्ड्या, मोजे, टॉवेल आणि पायजमे वेगळे जमवायचे, उलटे करून साठवर धुवायचे आणि सुकल्यावर इस्त्री फिरवायची. इस्त्रीचा सुती कपड्यांचा तीन ठिपक्यांचा दर्जा म्हणजे सुमारे २०० अंश. कंबरपट्टीचं इलॅस्टिक सोडून, आसन आणि शिवणींवर ती सावकाश फिरवावी. शिवणीच्या दुमडीत ओल सर्वांत शेवटी सुकते. खरजेचा किडा त्या मानाने नाजूक. ५० अंशांना दहा मिनिटांत मरतो, आणि जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवलं तरी काम होतं.

अडचण इलॅस्टिकची. कंबरपट्टीत आणि ब्राच्या पट्ट्यांत असतं ते स्पॅन्डेक्स. ते ४० पर्यंत निवांत असतं. साठवर वारंवार गेलं की ताण सोडतं, क्लोरीन ब्लीच लागलं की पिवळं पडून तुटायला लागतं. ब्राला तर तार, फोम आणि हूक अशी आणखी तीन नाटकं. ती नळाच्या पाण्यात हाताने किंवा जाळीच्या पिशवीत हूक लावून सौम्य फेरीवर, बस. कप पिळायचे नाहीत, टॉवेलात दाबून पाणी काढायचं, आणि वाळत घालताना पट्ट्यांनी लोंबवायचं नाही. ओल्या फोमच्या वजनाने पट्ट्या ताणल्या जातात. ज्याला संसर्गामुळे साठची धुलाई सहा-आठ आठवडे करायचीच आहे त्याने साध्या सुती, नाडीच्या किंवा स्वस्त इलॅस्टिकच्या चड्ड्या तेवढ्यापुरत्या घ्याव्यात आणि नंतर टाकून द्याव्यात. लेस-नायलॉनच्या चड्ड्यांना साठ सोसत नाही आणि दमट हवेत अंगालाही त्या नकोच.

आणि मग दोरी. घरातल्या सगळ्या कपड्यांत उन्हाची सर्वांत जास्त गरज ज्यांना, तेच आपण मागच्या दोरीवर, साडीच्या नाहीतर पंचाच्या आड वाळत घालतो. बायकांचे तर हमखास. वर झाकण, बाजूला भिंत, वारा नाही, ऊन नाही. वरची साडी तासाभरात सुकते आणि खालची चड्डी संध्याकाळीही आसनापाशी ओलसर लागते. तीच घडी करून कपाटात जाते. साठ अंशांवर धुऊन असं वाळवण्यापेक्षा नळाच्या पाण्यात धुऊन उघड्या उन्हात घातलेली बरी. लाजेचा प्रश्नच असेल तर पोरसातल्या, म्हणजे परसातल्या, आतल्या बाजूची किंवा गच्चीवरची दोरी निवडावी, पण कपड्यावर कपडा घालू नये. उलटी करून, आसन उन्हाकडे. इलॅस्टिक जपायचं तर तास-दोन तासांचं कडक ऊन बस झालं, दिवसभर तळत ठेवायची गरज नाही.

उष्णता जिथे घात करते अशा डागांची यादी गोव्याच्या स्वयंपाकघरातूनच काढता येते. रक्त, अंडं, दूध आणि मासळीचं पाणी हे प्रथिनांचे डाग. गरम पाणी लागलं की धाग्यात शिजून बसतात. मासिक पाळीची कापडं आणि डागलेल्या चड्ड्या आधी नळाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून, मग एन्झाइममध्ये, आणि साठ हवं असेल तर ते सर्वांत शेवटी. जुन्या बायका हे कुणी न शिकवता करायच्या. यंत्र आल्यावर सगळं एकदम साठवर टाकायची सवय लागली आणि तपकिरी कडा कायमच्या राहू लागल्या.

मासे साफ करताना हात पुसलेलं फडकं घ्या. त्यात बांगड्याचं रक्त, खवले, तेल आणि तो वास. वास देणारं ट्रायमिथाइलअमाइन आम्लात बांधलं जातं आणि अल्कलीत सुटतं. साबण अल्कली असल्यामुळे फडकं साबणात पडल्याबरोबर वास आधी वाढतो. म्हणून खवले झटकून नळाखाली धुवायचं, मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवायचं, ते पाणी पूर्ण काढून टाकून मगच पावडर आणि साठची बादली. मसोती, ओटा पुसायची फडकी, चहाची गाळणी-फडकी हा सगळा गट कायम साठचा. घरातला सर्वांत घाणेरडा कपडा चड्डी नसून ओट्यावरचं ओलं फडकं असतं. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच मात्र एकाच बादलीत कधीही येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि न्हाणीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

सोलकढीचा डाग पडला की लोक साबणाकडे धावतात. कोकमाचा रंग आम्लात लाल आणि विरघळणारा असतो, साबण लागला की निळसर-करडा होऊन बसतो. आधी नुसतं पाणी, भरपूर. हळदीचंही साबणात लाल होणं घाबरण्यासारखं नाही. धुतल्यावर ती पिवळीवर परत येते आणि उरलेला पिवळेपणा पाणी तापवून जात नाही, उन्हाने जातो. काजूच्या बोंडूचा रस आणि केळीचा चीक यांच्याबाबतीत उदारपणे हार मानलेली बरी, निदान जुन्या डागांच्या बाबतीत. त्यातलं टॅनिन हवेने आणि अल्कलीने तपकिरी होतं, आणि लोहयुक्त पाणी लागलं तर चक्क शाईसारखं काळं. जांभ्याच्या विहिरीचं पाणी बादलीत ठेवून तांबडा थर धरत असेल तर बोंडूचा ताजा डाग त्या पाण्याने धुऊच नये, नळाच्या पाण्याने धुवावा. त्याच विहिरीच्या पाण्यात क्लोरीन ब्लीच घातलं की विरघळलेलं लोह गंज होऊन बाहेर पडतं आणि पांढऱ्या शर्टावर ठिपके देतं. ब्लीच घालून कपडे पिवळे झाले अशी तक्रार असते ती बऱ्याचदा याची. तांबड्या चिखलाला उष्णतेने काही फरक पडत नाही. तो रंग नाही, बारीक माती आहे. पूर्ण सुकू द्यावा, ब्रशने झाडावा, मग धुवावा. ओला चोळला की आत घुसतो.

चादरी आणि उशांचे अभ्रे पंधरवड्यातून एकदा साठवर गेले की धुळीतले किडे मरतात. ४० वर त्यांची विष्ठा आणि धूळ निघते, किडे पोहून बाहेर येतात. दमा किंवा सकाळच्या शिंका असलेल्या घरात एवढा बदल करून बघण्यासारखा आहे. टॉवेल साठवर, कंडिशनरशिवाय. कंडिशनरचा मेणचट थर टॉवेलाला पाणी पिऊ देत नाही. बाळाची दुपटी साठवर आणि एक खळबळणं जास्त. सोवळ्याचं रेशीम आणि लोकर नळाच्या पाण्यात, पण एन्झाइमवाल्या पावडरीत मुळीच नाही. रेशीम हेसुद्धा प्रथिन आहे आणि प्रोटीएज डाग आणि पीतांबर यांत भेद करत नाही.

जून उजाडला की हे सगळं गणित दोरीपाशी अडतं. जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर रेंगाळते, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्यात, घातलेला जाड टॉवेल दोन दिवस तसाच. कुबट वास येतो तो पाण्याचा नसतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी हा वास मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जंतूपर्यंत नेऊन पोचवला. तो सुकलेल्या कपड्यातही तग धरतो आणि ओल मिळाली की घामाच्या उरलेल्या तेलावर पोसतो. त्यामुळे एकदा वास धरलेला कपडा नळाच्या पाण्यात सुगंधी लिक्विड घालून कितीही वेळा धुतला तरी कोरडा असताना गुलाबाचा आणि अंगात घातल्यावर पुन्हा तोच. अशा कपड्यांना एकदा साठच्या पाण्यात परकार्बोनेट घालून तासभर ठेवावं लागतं. रंगीत आणि नाजूक कपड्यांना साठ सोसत नसेल तर ४० आणि वेळ दुप्पट.

त्यानंतर शर्यत वेळेशी. पहिल्या चार-सहा तासांत सुकलं तर वास धरत नाही. धुणं संपल्यावर यंत्रातून लगेच काढायचं. रात्री लावून सकाळी काढलेलं धुणं पावसाळ्यात जवळजवळ पुन्हा धुवायच्या लायकीचं असतं. शेवटी पिळायची फेरी १००० ते १२०० वर आणखी एकदा लावायची. कपड्यांत चार बोटं अंतर, जाड कपडे टोकांना आणि पातळ मध्ये, खाली नाहीतर बाजूने पंखा. छताच्या पंख्याखालच्या खुर्चीवर एकावर एक टाकलेले कपडे वरून सुकतात, आतून नाही. आतले कपडे रोजचे थोडे-थोडे धुवावेत, साठवू नयेत. ओल्या टोपलीत दोन दिवस पडलेली चड्डी साठनेही लवकर सुधारत नाही, तिच्यावर काळे ठिपके आले तर ते धाग्याच्या आत गेलेले असतात. चवथीच्या आधी ट्रंकेतल्या चादरी काढून सगळ्याच एका दिवशी धुणाऱ्यांनी आधी दोरीची लांबी मोजावी.

पावडरीचं प्रमाणही इथे बाहेरच्या पाकिटावरचं घेऊ नये. गोव्यातलं जांभ्याच्या भागातलं पाणी बहुतेक मऊ, फेस लवकर येतो. पाकिटावर जड पाण्याचं माप दिलेलं असेल तर त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींचं वेगळं. तिथे साबण फाटतो. पारदर्शक बाटलीत पाणी आणि साध्या साबणाचा चुरा घालून हलवलं की फेस किती आणि पाणी किती दुधाळ यावरून कळतं. जास्त पावडर खळबळून निघत नाही, कापडात राहते, आणि जांघेत-काखेत खाज आणते. तिला पुष्कळदा नायटा समजून मलम लावलं जातं.

राहिलं यंत्र. वर्षभर नळाच्या पाण्यावर आणि लिक्विडवर चाललेल्या यंत्रात ड्रमच्या मागे, न दिसणाऱ्या बाजूला, साबण आणि तेलाचा करडा बुळबुळीत थर साचतो. महिन्यातून एकदा कपडे न घालता ९० ची फेरी, नसेल तर साठची, परकार्बोनेट किंवा ब्लीच असलेली पावडर घालून. दाराच्या रबरी सीलची खालची घडी बोटाने उघडून बघावी. केस, नाणी आणि काळा थर तिथे असतो. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावी, पावडरीचा कप्पा काढून त्याच्यामागची पोकळी जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावी. तळाचा फिल्टर उघडण्यापूर्वी खाली परात ठेवावी, त्यात लिटरभर तरी पाणी निघतं. धुणं नसताना दार आणि कप्पा उघडे ठेवायचे. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवू नये, मुलं ड्रममध्ये शिरतात. अशा वेळी सील आणि ड्रम पुसून, दार तासभर कुणीतरी समोर असताना उघडं ठेवावं आणि मग लावावं.